स्पष्ट दिसणारे अप्पा

१

अप्पा गेले ते सगळ्यांच्या देखत, आणि कुणालाच दिसलं नाही.

हॉलमध्ये फ्रीज, फ्रीजवर कॅमेरा, कॅमेऱ्यासमोर आरामखुर्ची आणि खुर्चीत अप्पा. चित्र घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर यायचं. त्या दिवशीही आलं. संध्याकाळी धाकट्या मुलीने त्यांचा हात धरला तेव्हा तो गार होता. शेजारच्या स्टुलावर दुधाचा रिकामा पेला होता, पेल्याच्या तळाशी झोपेचं औषध होतं आणि नंतर कळलं की अप्पांच्या अंगातही तेच होतं. दूध धाकटीने दिलं होतं. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

एवढं सरळ प्रकरण एरवी आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे लग्नं येतात. जिन्याखालच्या या दुकानात आम्ही जुने, अंधुक, फॉरवर्ड होऊन होऊन चोथा झालेले व्हिडिओ साफ करून देतो. दुकान आत्याचं. मी तिचा भाचा, म्हणजे पगार मागायची सोय नसलेला नोकर. आत्या पूर्वी सरकारी प्रयोगशाळेत फोटो तपासायची. तिथून ती एक खुर्ची आणि लोकांवर विश्वास न ठेवायची सवय घेऊन बाहेर पडली.

अप्पांचे थोरले चिरंजीव दुकानात आले ते फोन पुढे धरूनच. त्यांना एकच चित्र हवं होतं: दूध देताना बहिणीच्या हातात औषधाची बाटली. उद्या सकाळी पोलीस तिला न्यायला येणार होते, आणि त्याआधी पुरावा पक्का व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. सख्ख्या बहिणीबद्दल माणूस इतक्या टापटिपीने बोलू शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

एका फुकट ॲपमधून त्यांनी चित्रणाचा तेवढा तुकडा आधीच साफ करून आणला होता. त्यात बहिणीच्या हातात बाटली होती खरी. बाटलीवर लेबलही होतं, फक्त त्यावरची अक्षरं जगातल्या कुठल्याच भाषेतली नव्हती. ॲप उदार होतं. त्याने टकल्या अप्पांना दाट केस दिले होते. तुकड्याच्या शेवटी, बहीण आत गेल्यावर, स्टुलाजवळ एक राखाडी मांजर बसवलं होतं.

"मांजर आहे का घरी?" आत्याने विचारलं.

थोरले म्हणाले की अप्पांना मांजराचा तिटकारा होता.

"ॲपला जिथे दिसत नाही तिथे ते मनाचं घालतं," आत्या म्हणाली. "आम्ही आहे ते काढतो. नाही ते घालत नाही. चालेल?"

थोरल्यांना ते चालणार नव्हतं, पण शहरात दुसरं दुकान नव्हतं. जाता जाता ते म्हणाले की चहाच्या वेळी त्यांनी ऑफिसातून फोनवर अप्पांना पाहिलं होतं. अप्पांनी मान वळवली होती. म्हणजे तेव्हा ते चांगले जिवंत होते.

ते गेल्यावर आत्या त्या नसलेल्या मांजराकडे बराच वेळ बघत बसली. मला ते अजिबात आवडलं नाही.

२

काम घेण्याआधी आत्या जागा बघते. आम्ही अप्पांच्या घरी गेलो.

अप्पांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या आणि स्वतः तळमजल्यावर राहिले. यावरून माणूस ओळखावा. हॉल लहानसा होता. खिडकी बंद. पंखाही बंद, कारण अप्पांना वारा सोसत नसे. खुर्चीमागे भिंतीवर कॅलेंडर. खुर्चीच्या उजव्या हाताला स्टूल, आणि स्टुलाला लागूनच मागच्या व्हरांड्याचं दार. दाराला जमिनीपर्यंत पोचणारा जाड पडदा. स्वयंपाकघर त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला.

कॅमेऱ्याच्या माईकवर चिकटपट्टीचा एक तुकडा होता. धाकटीने सांगितलं की तो अप्पांनी पहिल्याच दिवशी लावला. बघायचं तर बघा म्हणाले, ऐकायचं नाही. त्यामुळे सगळं चित्रण मुकं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिने आम्हाला दिलं. भावाने आणला होता तेवढा तुकडा नव्हे, अख्खा दिवस.

धाकटी चांगली नोकरी करणारी, पोक्त बाई होती. त्या दिवशी ती चहाच्या वेळेनंतर घरी आली, दूध गरम केलं, स्टुलावर ठेवलं, अप्पांना हाक मारली आणि कपडे बदलायला आत गेली. परत आली तेव्हा पेला रिकामा होता. एवढं सांगून ती थांबली. पुढे काहीतरी होतं, ते तिने गिळलं. आत्याने खोदून विचारलं नाही, आणि आत्या खोदत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

वरच्या मजल्यावर भाडेकरू होता. तो ट्रम्पेट शिकत होता. अप्पा त्याच्यावर छताला काठी ठोकून राग काढत, आणि दोघांमध्ये जी काही चर्चा होई ती एवढीच. घराच्या मागच्या बाजूची किल्ली त्याच्याकडेही असे. त्याने स्वतःहूनच सांगितलं की त्या संध्याकाळी तो वर वाजवत होता. याला साक्षीदार म्हणून गल्लीतला प्रत्येक माणूस चालला असता, आणि प्रत्येकाला साक्ष द्यायचीच होती.

समोर डॉक्टरकाकांचा दवाखाना. ते अप्पांचे जुने मित्र. मागच्या व्हरांड्यातून हाक न मारता आत यायचा हक्क असलेले. जेवणानंतर त्यांनीच अप्पांना तपासलं होतं, ताकदीचं इंजेक्शन दिलं होतं, आणि अप्पा मजेत होते. संध्याकाळी धाकटीच्या हाकेला धावले तेही तेच. त्यांनीच पाहून सांगितलं होतं की अप्पांना जाऊन अर्धा तासही झालेला नाही. हात गार का, असं धाकटीने विचारलं तेव्हा म्हाताऱ्या माणसाचे हात गारच असतात, हेही त्यांनीच समजावलं होतं. मृतदेह पुढे तपासणीला पोचेपर्यंत इतका उशीर झाला की वेळेबद्दल डॉक्टरकाकांचाच शब्द राहिला.

आवाज लोण्यासारखा. मला त्यांनी बाळा म्हटलं आणि एक गोळी दिली, संत्र्याच्या चवीची. धाकटीबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"चिडून बोलली असेल पोर. दिवसभर राबून आल्यावर, 'नाटकं पुरे झाली, दूध गार होतंय,' असं कुणीही म्हणेल. तेवढ्यावरून कुणी खुनी ठरत नाही."

इतकं समजूतदार माणूस मी त्या दिवसात दुसरं पाहिलं नव्हतं. गोळी खाऊन टाकली.

३

आमचं काम कसं चालतं ते इथे सांगणं भाग आहे. लोक समजतात आम्ही जादू करतो. आम्ही बेरीज करतो.

स्वस्त कॅमेरा चित्र दाबून, पिळून साठवतो. एका चित्रात धड काही उरत नाही. पण अप्पांच्या घरचा कॅमेरा फ्रीजवर होता, फ्रीज गुरगुरायचा, आणि कॅमेरा केसाएवढा थरथरायचा. त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा कणभर सरकलेलं असतं. एकात जे निसटलं ते दुसऱ्यात सापडतं. अशी शेकडो चित्रं जागच्या जागी जुळवून एकावर एक रचली की खोली हळूहळू स्पष्ट होत जाते, धुक्यातून वर आल्यासारखी.

मी सकाळपासून सुरुवात केली. कॅलेंडर स्वच्छ आलं, त्यावरची तारीख वाचता आली. खुर्चीची वीणही मोजता आली. अप्पांचा चेहरा मात्र सगळा पुसट, कुणी ओल्या बोटाने फिरवल्यासारखा. दुपारच्या जेवणाआधीही तेच. मी वैतागलो. खोलीतली एकमेव महत्त्वाची वस्तू तेवढी येत नव्हती.

मग मी दूध ठेवल्याच्या वेळेवर गेलो, आणि अप्पा आले.

काय आले म्हणून सांगू. दाढीचे खुंट, कानावरचा तीळ, शर्टाच्या बटणाची चार भोकं. इतका स्पष्ट चेहरा या दुकानात कधी निघाला नव्हता. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि मी ते चित्र ताबडतोब थोरल्यांना पाठवलं. त्यांनी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर डॉक्टरकाकाही होते.

आत्या चहाचा कप घेऊन आली. चित्र पाहिलं. कप खाली ठेवला, म्हणजे टेबल होतं असं समजून हवेत ठेवला.

"राजे," ती म्हणाली, "सकाळी हा माणूस पुसट का होता?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअर नीट चाललं नसेल.

"छाती वरखाली होत होती म्हणून. मान डुलत होती म्हणून. जिवंत माणूस एकावर एक रचला की फिसकटतो. न फिसकटता येतात ती टेबलं, खुर्च्या आणि कॅलेंडरं."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. अप्पा माझ्याकडे अर्धवट उघड्या डोळ्यांनी बघत होते, टेबलाइतके स्पष्ट.

४

नंतरचा तास मी आयुष्यातून कापून टाकायला तयार आहे. आत्याने मला दुपारची चित्रं थोड्या थोड्या वेळाने रचायला लावली. डॉक्टरकाका इंजेक्शन देऊन गेले तेव्हा अप्पा पुसट. त्यानंतर जरा कमी पुसट. त्यानंतर नाक दिसू लागलं. मग ओठ. माणूस मरताना पाहिलेले लोक असतील; माणूस मरताना स्पष्ट होत गेलेला मी एकट्यानेच पाहिला असेल. दरवेळी मशीनने काम संपल्याची आनंदी घंटा वाजवली. ती बंद कशी करायची ते मला आजही माहीत नाही.

चहाची वेळ व्हायच्या कितीतरी आधी अप्पा पूर्ण स्पष्ट झाले होते.

म्हणजे धाकटी घरात आली तेव्हा खुर्चीत फक्त शरीर होतं. ते दूध पिणार कुठून. आणि चहाच्या वेळी वळलेली मान?

आत्याने थोरल्यांना फोन लावला आणि गोड आवाजात विचारलं की अप्पा जायच्या आधी त्यांनी कॅमेऱ्याचं ॲप शेवटचं कधी उघडलं होतं. त्यांनी आधी विषय बदलून पाहिला. मग त्यांनी कबूल केलं की कॅमेरा बसवल्यापासून एकदाही नाही. वडिलांवर आपलं लक्ष असतं असं ते सगळ्यांना सांगत आले होते. वडील गेल्यावर वेगळं सांगायचं त्यांना सुचलं नाही. मान त्यांनी त्या फुकट ॲपसारखीच मनाने घातली होती.

"मग दूध कोण प्यायलं?" मी विचारलं.

आत्या त्या स्पष्ट चित्रात अप्पांना सोडून बाकी सगळं बघत होती. कॅलेंडर स्पष्ट, त्याचा सुटा कोपरासुद्धा. म्हणजे खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती. खुर्ची स्पष्ट, स्टूल स्पष्ट. तिचं बोट उजवीकडे सरकलं आणि थांबलं.

व्हरांड्याच्या दाराचा पडदा वर स्पष्ट होता. खालीही स्पष्ट होता, शिवण दिसत होती. मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक थाळीएवढा भाग पुसट होता.

मला कळायला क्षणभर लागला, आणि कळलं तेव्हा मी खुर्ची भिंतीला टेकवून बसलो, पाठीमागे काही उरू नये म्हणून. त्या खोलीत धाकटी दूध ठेवत होती, अप्पा श्वास घेत नव्हते, आणि पडदा घेत होता.

५

धाकटीला आत्याने दुकानात बोलावून घेतलं. आत्याने तिला चित्र दाखवलं नाही, फक्त विचारलं की पेला ठेवल्यावर ती अप्पांना काय बोलली.

ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ताई, हे मी दादालाही सांगितलेलं नाही. पोलिसांनाही नाही. तुरुंगात गेले तरी चालेल, पण हे कुणाला कळायला नको. ते हाकेला ओ देईनात. मला वाटलं मुद्दाम करतायत. मी म्हटलं, 'नाटकं पुरे झाली, दूध गार होतंय.' त्यांच्याशी माझं हे शेवटचं बोलणं."

आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. दोघी लगेच बाहेर पडल्या. जाताना आत्या म्हणाली की दार उघडं ठेव, कुणी आलं तर बसव, आणि तोंड शक्यतो बंद ठेव.

कुणी आलं तर, हे शब्द मला तेव्हाच खटकायला हवे होते. मी आपला पडद्यातला तो पुसट डाग आणखी मोठा करून बघत बसलो.

वीज गेली नाही. असल्या गोष्टींत ती जाते. इथे भर दुपार होती, ट्यूबलाइट चालू होती, बाहेर कुणीतरी स्कूटर धूत होतं, आणि सगळं अगदी नीट दिसत होतं. डॉक्टरकाकाही नीट दिसत होते. ते दारातून आत आले आणि माझ्यामागे स्टूल ओढून बसले. मी खुर्ची भिंतीपासून पुढे का घेतली होती, देव जाणे.

"फोटो पाहिला हो अप्पांचा," ते म्हणाले. "कमाल स्पष्ट आलाय. हे काय करतोयस?"

मी म्हटलं, पडदा.

त्यांनी पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता, आणि समोरच्या चित्रात तोच श्वास थाळीएवढा पसरला होता. नेमका त्याच क्षणी, इतका उशिरा की मला स्वतःची लाज वाटावी, तो लोण्यासारखा आवाज माझ्या डोक्यात पुन्हा बोलला. नाटकं पुरे झाली, दूध गार होतंय. माईकवर चिकटपट्टी होती. धाकटीने कुणालाही सांगितलं नव्हतं. अप्पांना ऐकू येण्याची वेळ टळून गेली होती.

"बाळा, तुला घाम फुटलाय," डॉक्टरकाका म्हणाले. "बी.पी. बघू."

माझ्या दंडाला त्यांनी पट्टा गुंडाळला. मी नको म्हणालो नाही. मोठ्या माणसांना नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि या पद्धतीपायी मी मरणार होतो. पट्टा फुगत गेला. बोटं बधिर झाली. आकडा पाहून ते चुकचुकले.

"फारच वाढलंय. एक छोटंसं इंजेक्शन देतो. पडून राहायचं, बस."

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. आत काच वाजली. माझ्या तोंडात अजून ती संत्र्याची चव होती असं मला वाटलं, आणि मी पहिल्यांदाच मनापासून घाबरलो.

६

"त्याला सुई सोसत नाही," दारातून आत्या म्हणाली. "आमच्या घराण्यातच आहे."

तिच्यामागे धाकटी होती आणि धाकटीमागे फौजदार. आत्याने आधी माझ्या दंडाचा पट्टा सोडवला, मग बोलायला सुरुवात केली. तिने काहीही घाई केली नाही. मी मात्र तोवर पुन्हा भिंतीला जाऊन टेकलो होतो.

अप्पा केव्हा गेले हे सगळ्यांना एकाच माणसाने सांगितलं होतं, ती म्हणाली, आणि चित्र सांगत होतं की ती वेळ खोटी आहे. गार हाताला खुलासा देणाराही तोच होता. मागच्या व्हरांड्यातून न विचारता येणारा तोच होता. दुपारच्या इंजेक्शनमध्ये औषध चुकलं. दवाखान्यात परत गेल्यावर ते लक्षात आलं असणार, म्हणून डॉक्टर पुन्हा आले. अप्पा संपलेत हे त्यांनी व्हरांड्याच्या दारातूनच पाहिलं. तेवढ्यात पुढच्या दारात किल्ली फिरली आणि डॉक्टर पडद्यामागेच थांबले. धाकटी कपडे बदलायला गेल्यावर पडद्यातून हात बाहेर आला आणि पेला उचलला. व्हरांड्यातल्या मोरीत दूध ओतलं, तळाशी अप्पांच्या अंगातलंच औषध घातलं, पेला परत जागेवर. कॅमेऱ्यात त्या हाताचा नुसता राखाडी गोळा उमटला.

"ॲपने त्याचं मांजर केलं," आत्या म्हणाली.

फौजदारांनी मांजर या शब्दावर वही बंद केली, पण आत्याने पुढे ते वाक्य सांगितलं. धाकटीचं, शब्दन्‌शब्द. आणि ते डॉक्टरांनी आम्हाला कुठे, कसं ऐकवलं तेही. फौजदारांनी बॅगेतली सिरिंज उचलून उजेडात धरली. ती भरलेली होती.

डॉक्टरकाका त्या स्पष्ट चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रोग ओळखताना असतो तसला नुसता लक्षपूर्वकपणा होता.

"दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदा हात चुकला. दवाखाना बंद झाला असता हो. तिचं काय, बाईमाणूस, वय आहे, सुटली असती." मग धाकटीकडे वळून, अगदी आस्थेने, "तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, बेटा."

मला हे ऐकून त्या सुईपेक्षा जास्त भीती वाटली. त्यांना ते खरंच वाटत होतं.

फौजदार त्यांना घेऊन गेले. दुकानात आम्ही तिघंच उरलो. धाकटी उभीच होती. आपण सुटलो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्या मनात वेगळंच चाललं होतं.

"ताई, मग मी दुधावरून बोलले तेव्हा..."

"नव्हते गं ते तेव्हा," आत्या म्हणाली. "कधीच गेले होते. त्यांनी नाही ऐकलं."

ती माझ्या खुर्चीत बसली. मग तिने मान वर केली.

"म्हणजे सकाळी निघताना बोलले, ते आमचं शेवटचं."

काय बोलली होतीस, असं आत्याने विचारलं.

"मी म्हटलं, येते. ते म्हणाले, ये."